शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं?

प्रश्न मुलुंडहून आला आहे, थोडक्यात असा : मुलगी नऊ वर्षांची, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत चौथी संपवतेय. जूनपासून तिला घरीच शिकवायचं घाटतंय. नणंद लंडनजवळ राहते, तिची मुलंही घरी शिकतात आणि तिच्याकडे काउन्सिलकडून चौकशी होते. मग इथे महापालिकेकडून कोण येणार, अडवणार का, आणि आसपास कुणाची साथ नसेल तर निभेल का?

नणंदेच्या अनुभवावरून इथला अंदाज बांधू नका. इंग्लंडच्या १९९६च्या शिक्षण कायद्याचं कलम ७ सांगतं की मुलाला योग्य शिक्षण मिळालंच पाहिजे, शाळेत किंवा अन्य मार्गाने. त्या ‘अन्य मार्गाने’ एवढ्या दोन शब्दांवर तिथलं घरशिक्षण उभं आहे. शिक्षण नीट होत नाही असं काउन्सिलला वाटलं तर ती पालकांना नोटीस देते, उत्तराला किमान १५ दिवस देते आणि समाधान झालं नाही तर शाळेत घालण्याचा आदेश काढते. म्हणजे तिथे हो किंवा नाही म्हणणारं कुणीतरी खुर्चीत बसलेलं आहे. आपल्याकडे ती खुर्चीच नाही. मुंबईत तुम्हाला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नाही. अधिकारी चांगला की वाईट, या प्रश्नाला त्यामुळे इथे फारसा अर्थ उरत नाही. त्याच्यापुढच्या तक्त्यात तुमच्यासाठी रकाना नाही, आणि पुढची बहुतेक भानगड तिथूनच सुरू होते.

कायदा आधी नीट वाचून घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१०पासून, वयोगट ६ ते १४. कलम १० पालकांवर कर्तव्य टाकतं : पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणं. ते पाळलं नाही तर पालकांना दंड किंवा शिक्षा, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कलम ९ मात्र स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे इथे बृहन्मुंबई महानगरपालिकेला, कामाला लावतं. हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, प्रवेश, हजेरी आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होणं यावर लक्ष ठेवायचं. कर्तव्य तुमच्यावर आहे पण शिक्षा नाही; नोंद त्यांना ठेवायची आहे पण ‘घरी शिकते’ अशी नोंद करायची सोय नाही.

लोक ज्याला ‘दिल्ली हायकोर्टाचा निकाल’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरवतात, तो निकाल नाही. घरशिक्षणाविषयीच्या एका याचिकेत २०१२ साली केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात शपथपत्र दिलं होतं. स्वेच्छेने घरी शिकवू इच्छिणारे पालक तसं करू शकतात, हा कायदा त्यांच्या आड येत नाही, असा त्याचा आशय. शपथपत्राची प्रत फाइलमध्ये जरूर ठेवा. पण दारात आलेल्या शिक्षकासमोर ती झेंड्यासारखी नाचवू नका. ते सरकारचं म्हणणं आहे, कायद्यात झालेली दुरुस्ती नव्हे, आणि समोरच्याला हा फरक कळत असेल तर तुमचीच बाजू लंगडी पडते.

आता दारात कोण येतं ते. राज्यात शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणं अधूनमधून होतात. ४ जुलै २०१५ला एका दिवसात राज्यभर झालं होतं, मार्च २०२१मध्ये झालं, जुलै २०२२मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ झालं. फिरणारी माणसं म्हणजे शिक्षक आणि अंगणवाडी सेविका. शाळेचं काम सांभाळून, उन्हापावसात, वरून आलेला तक्ता हातात धरून. त्यांची व्याख्या ठरलेली : ६ ते १४ वयाचं मूल कधी शाळेत घातलेलंच नसेल, किंवा दाखल होऊनही सलग महिन्याहून अधिक गैरहजर असेल, तर ते शाळाबाह्य. तुमची मुलगी रोज घरी चार तास गणित-भाषा करत असली तरी या व्याख्येत सरळ बसते. सर्वेक्षणाला आलेल्या बाईंचा तुमच्या विचारांना विरोध नसतो. त्यांना संध्याकाळपर्यंत तक्ता भरून द्यायचा असतो, आणि नाव लिहिलं की ते मूल शाळेत आणण्याची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडते. तुम्ही दारात शिक्षणपद्धतीवर भाषण सुरू केलंत तर त्या घाबरून नाव ‘कधीच दाखल नाही’मध्ये टाकून मोकळ्या होतील.

सरकारी तक्ता म्हटला की शेवटी शेऱ्याचा रकाना असतोच. तुमचं काम एवढंच की त्या रकान्यात लिहिता येईल असं एक वाक्य आणि त्याला आधार देणारा एक कागद त्यांच्या हातात ठेवायचा. उदाहरणार्थ : ‘शाळा सोडल्याचा दाखला दि. अमुक. पालक घरी शिकवतात, मुक्त विद्यालयाची परीक्षा देणार. माहितीपत्र आवक क्र. तमुक.’ हे वाक्य कागदावर लिहूनच ठेवा, तोंडी सांगू नका. लिहून घेणाऱ्याला उतरवून काढणं सोपं जातं. पाणी विचारा, मुलीला पुढे बोलवा, तिला वही दाखवू द्या. दहा मिनिटांत काम होतं.

तो आवक क्रमांक कुठून आणायचा? इथेच पहिली चूक होते. पालक अर्ज लिहितात, ‘विषय : पाल्यास घरी शिक्षण देण्यास परवानगी मिळणेबाबत’. परवानगी देण्याची तरतूद नाही, तेव्हा कारकून ती देऊ शकत नाही, नाकारूही शकत नाही. कागद वर सरकतो, वरून ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा घेऊन खाली येतो, आणि नियमानुसार म्हणजे कलम १०. स्वतःच्या हाताने प्रकरण तयार केलंत. विषय असा ठेवा : ‘पाल्याच्या शिक्षणाबाबत माहिती सादर’. मजकूर एका पानाचा. मुलीचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल्याचा क्रमांक, घरी कोण शिकवणार, कोणते विषय, पुढे कोणती परीक्षा, आणि शेवटी ‘कृपया नोंद घ्यावी’. तुमच्या टी वॉर्डातल्या महापालिकेच्या शिक्षण कार्यालयात प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्या नावे द्या, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. कुणी सही द्यायला कां-कूं केली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात खेटे घालू नका. मुंबईत प्राथमिकचा कारभार महापालिकेकडे, निरीक्षकांकडे माध्यमिक.

काही अनुभवी पालक म्हणतील, कशाला आपणहून कळवायचं, गप्प बसावं. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे. तुमची मुलगी मात्र चार वर्षं शाळेत आहे. तिचं नाव राज्याची सरल आणि केंद्राची यूडायस प्लस या विद्यार्थी-नोंदीच्या दोन्ही संगणक प्रणालींत आहे. दाखला दिला की शाळा तिचं नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये ढकलते. दुसऱ्या शाळेने ते तिथून उचललं नाही की ती गळतीत दिसते, आणि जुन्या शाळेलाच विचारणा होते, ‘ही कुठे गेली?’ मुख्याध्यापकांकडे उत्तर म्हणून तुमच्या माहितीपत्राची प्रत असली तर विषय तिथेच मिटतो. म्हणून एक प्रत शाळेलाही द्या.

खरा विरोध कुठून होईल म्हणाल, तर शाळेकडून, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. अनुदानित मराठी शाळेत ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची किती पदं मंजूर ते ठरतं. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, माणूस अतिरिक्त ठरतो. मुंबईत मराठी शाळांचे वर्ग कसे ओस पडतायत ते तुम्ही बघताच. अशा शाळेत जुलै-ऑगस्टमध्ये दाखला मागायला गेलात तर मुख्याध्यापक आजारी, कारकून रजेवर आणि संगणक बंद. एप्रिलअखेर निकाल लागला की लगेच अर्ज द्या, १५ जूनला शाळा उघडायच्या आत दाखला हातात घ्या. खासगी विनाअनुदानित शाळांत अडणारी गोष्ट वेगळी, थकलेली फी. ती चुकती करून पावती घ्या, मग अर्ज.

दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जात, जनरल रजिस्टर क्रमांक आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’. तिथे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असावं. ‘सतत गैरहजर’ लिहिलेलं असेल तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय हलू नका, कारण तेच दोन शब्द पुढे प्रत्येक टेबलावर तुमच्याआधी बोलतील.

बरेचदा शाळाच आडवाट सुचवते : ‘नाव राहू द्या पटावर, परीक्षेला तेवढं आणा.’ ऐकायला गोड, पण माझं मत विरुद्ध आहे. न आलेल्या मुलीची हजेरी वर्गशिक्षिकेला खोटी मांडावी लागते. पटपडताळणी, म्हणजे पटावरची मुलं खरंच वर्गात आहेत का याची तपासणी, झाली तर अडकते ती बाई. दुसरं, पटावर नाव असताना मुक्त विद्यालयात नाव घालायला गेलात की दोन्हीकडे विद्यार्थी दिसते. आणि तिसरं, मुलीला पहिल्याच वर्षी कळतं की आपलं शिक्षण हे लपवायचं प्रकरण आहे.

फाइलचं सांगतो. साधी क्लिपची फाइल, चार कप्पे. पहिल्यात जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला. दुसऱ्यात आवक शिक्क्याची पत्रं. तिसऱ्यात वर्षाचा आराखडा, एकच पान, विषयांपुढे बालभारतीचं कोणतं पुस्तक आणि दुसरं काय साहित्य. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात; तुम्ही ती धड्यामागून धडा शिकवा असं नाही, पण शिक्षक माणसाला ‘पाचवीचं परिसर अभ्यास’ म्हटलं की लगेच कळतं. चौथ्या कप्प्यात दर महिन्याची तीन-चार पानं : एक लिखाण, एक गणित, एक चित्र किंवा प्रयोगाची नोंद, तारखेसह आणि मुलीच्याच अक्षरात. वर्षाला चाळीसेक पानं होतात. छापील वर्कशीटचे गठ्ठे ठेवू नका, त्यावरून काहीच कळत नाही.

जन्मदाखल्यावर नाव आहे का हेही पाहा. मुंबईत पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत ते घालता येतं. आणि नावाचा क्रम. शाळेत ‘आडनाव-नाव-वडिलांचं नाव’, आधारवर ‘नाव-वडिलांचं नाव-आडनाव’, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. शाळेतली मुलं हे दहावीचा फॉर्म भरताना शाळेच्या कारकुनाच्या जिवावर निस्तरतात. तुम्हाला कारकून नाही, म्हणून हे काम आत्ता.

जातीचा दाखला काढायचा असेल तर तोही दहावीपर्यंत लांबवू नका. मुलीचा शाळेचा दाखला हा त्यातला नेहमीचा पुरावा, तुमच्याकडे तो आहे. ज्यांची मुलं शाळेत गेलीच नाहीत त्यांना वडिलांचा दाखला, आजोबांचा पुरावा असा मागे मागे जाणारा माग काढत बसावं लागतं.

परीक्षांचं थोडक्यात, कारण तुम्हाला अजून पाच वर्षं आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत : अ, ब आणि क, अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या परीक्षाही पाचवी आणि आठवीला आहेत. ज्ञानासाठी यांची गरज नाही. पण नोंदणीची पावती दारातल्या बाईंना फार आवडते, म्हणून आठवीच्या पातळीची तरी द्या. दहावीला एनआयओएस : वय १४ पूर्ण, किमान पाच विषय, मराठी माध्यम उपलब्ध, उत्तीर्ण होण्यास ३३ टक्के, गृहपाठाचे २० टक्के, पाच वर्षांत नऊ संधी. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. पुढे राज्याच्या कोट्यात प्रवेश घेताना दहावी-बारावी कुठल्या राज्यातून हे विचारतात. दुसरा मार्ग राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. त्याला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि कधीच शाळेत न गेलेली मुलं नेमकी तिथे अडकतात. बारावीची टाळाटाळ मात्र करू नका. मुंबईतल्या घरी शिकलेल्या एका मुलीला आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडच्या पदकांच्या बळावर २०१६ साली अमेरिकेत एमआयटीला प्रवेश मिळाला, पण बारावी नसल्याने आयआयटीचं दार तिला बंदच होतं.

आता साथीविषयी, कारण तुमच्या प्रश्नातला हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. महापालिकेचा माणूस पाच वर्षांत एकदा येईल, न येईल. शेजारी रोज आहेत. मुलगी सकाळी अकराला खाली सायकल चालवताना दिसली की वॉचमन विचारतो, मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, मग गणपतीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो. १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन करणारा माणूस बहुधा शत्रू नसतो. त्याला काहीच सांगितलेलं नसतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि शेजारच्या दोन घरांना पहिल्याच महिन्यात चहाला बोलवा आणि सरळ सांगा. पटवून द्यायला जाऊ नका, कळवा. जमलं तर सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला आठवड्यातून एक तास मुलीला वाचायला बसवण्याची विनंती करा. उद्या कुणी चौकशीला आलं तर ‘माझ्याकडे येते ना ती वाचायला’ हे त्यांचं एक वाक्य तुमच्या अख्ख्या फाइलहून भारी पडतं.

आजी-आजोबांचं गणित निराळं. त्यांची भीती ‘लोक काय म्हणतील’ एवढीच नसते; पिढीत पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेली माणसं आहेत ती, शाळा सोडणं त्यांना घर सोडण्यासारखं वाटतं. त्यांना वाद घालून जिंकता येत नाही. त्यांच्याकडे एक विषय सोपवा : पाढे, पाठांतर, किराणा-भाजीचा हिशेब, गावाकडची पत्रं वाचणं. दिवाळीपर्यंत तेच तुमची बाजू घेऊ लागतात. नवराबायकोचं मात्र आधी पूर्ण एकमत हवं. पुढे वितुष्ट येऊन प्रकरण कुटुंब न्यायालयात गेलं तर ‘मुलीला शाळेतून काढलं’ हा पहिला मुद्दा तिथे मांडला जातो.

इतर घरशिक्षक कुटुंबं शोधताना मुंबईचा नकाशा रुळांवरून वाचा. तुम्ही मध्य रेल्वेवर आहात, तर ठाणे ते घाटकोपर एवढ्यातच गट बांधा. बोरिवलीचे लोक कितीही जुळले तरी सहाव्या आठवड्याला यायचे थांबतात. ‘स्वशिक्षण’ ही घरशिक्षकांची देशपातळीवरची संघटना आहे, तिथून ओळखी निघतात, पण रोजचा गट जवळचाच हवा. सहा ते आठ मुलं, आठवड्यातून दोन दिवस, तीन तास, अकरा ते दोन, म्हणजे गाड्यांना गर्दी नसते. एक दिवस मैदान, एक दिवस बाहेर : वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, जवळचं वाचनालय. दर वेळी दोन पालक हजर, पाळीपाळीने.

गट मोडतात ते ठरलेल्या कारणांनी. एकच आई सगळं ओढते आणि फेब्रुवारीत थकते. पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांना एकत्र कोंबलेलं असतं. आणि ‘मुलांना काहीच शिकवायचं नाही’ म्हणणारे नि ‘ऑलिंपियाडची तयारी’ म्हणणारे एकमेकांना सुधारायला निघतात. शेवटचं टाळायचं तर गटात अभ्यास आणूच नका. खेळ, भटकंती, नाटक, हस्तकला एवढंच एकत्र. अभ्यास ज्याचा त्याच्या घरी.

याला कायद्याचंही कारण आहे, आणि हे नीट लक्षात ठेवा. गट जमला की कुणाला तरी सुचतं, एक फ्लॅट भाड्याने घेऊ, एक बाई ठेवू, रोज नऊ ते एक, महिन्याला प्रत्येकी अमुक हजार. बाहेरून पाहणाऱ्याला ही शाळा दिसते. कलम १८प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि पुढेही चालू ठेवली तर रोज दहा हजारांपर्यंत. महापालिका अनधिकृत शाळांच्या याद्या काढते, नोटिसा देते. घरी शिकवणाऱ्या पालकाला कायद्यात शिक्षा नाही, पण शाळा थाटणाऱ्याला आहे. शिवाय राहत्या फ्लॅटमध्ये रोज पंधरा मुलं आली की सोसायटी तक्रार करते, त्याला शिक्षण खात्याची गरजच पडत नाही. म्हणून बोर्ड नाही, गणवेश नाही, मासिक फी नाही, पालकांशिवाय मुलं सोडून जाणं नाही.

काही गोष्टी मात्र कितीही साथ असली तरी हातातून जातात, त्या आधीच माहीत असू द्या. रेल्वे आणि बेस्टचा विद्यार्थी पास शाळेच्या पत्रावर मिळतो. शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फतच. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी केंद्र असलेल्या एखाद्या शाळेला गळ घालावी लागते. आणि खेळ. गाइल्स शील्ड, हॅरिस शील्ड या शाळांच्या क्रिकेट स्पर्धा, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धाही शालेय. मुलगी खो-खो किंवा कबड्डी मनापासून खेळत असेल तर गटातल्या सहा मुलांत खो-खोचा संघ होत नाही, नऊ लागतात. जवळच्या मंडळात किंवा क्लबमध्ये नाव घाला आणि शालेय स्पर्धेऐवजी संघटनेच्या वयोगटाच्या निवड चाचण्यांची वाट धरा. पोहणं, बुद्धिबळ, मल्लखांब यांत हे त्यातल्या त्यात सोपं जातं.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. तुमच्या इमारतीत सर्वेक्षणाच्या बाई आल्या तर ‘होमस्कूलिंग’ शब्द ऐकून चहा पिऊन जातील. हेच गोवंडीच्या वस्तीतली आई म्हणाली, ‘मी घरीच शिकवते’, तर तिचं मूल दुसऱ्या दिवशी बालरक्षकाच्या, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणाऱ्या शिक्षकाच्या, मागे शाळेकडे चालू लागेल. सर्वेक्षणाचा रोख मुळात बांधकामं, सिग्नल, स्टेशनं आणि झोपडपट्ट्यांवर असतो, आणि तिथे तो असायलाच हवा, कारण तिथलं शाळाबाह्य मूल बहुतेकदा कामाला जुंपलेलं असतं. म्हणून त्या बाईंशी हुज्जत घालू नका. त्या जे काम करतायत ते तुमच्याविरुद्ध नाही.

समजा वर्ष-दोन वर्षांनी मुलीलाच शाळेत परत जायचं वाटलं, तर कलम ४ तुमच्या बाजूने आहे. वयानुरूप वर्गात प्रवेश, मागे पडली असेल तर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत विशेष प्रशिक्षण. महापालिकेच्या शाळेत वर्षाच्या मध्येही घेतात. नाकारलं तर कलम ३२खाली लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्या वेळी ड्रॉप बॉक्समधून नाव उचलायला मुलीचा यूडायस प्लसमधला विद्यार्थी क्रमांक लागेल, म्हणून दाखला घ्याल त्याच दिवशी तो विचारून फाइलच्या पहिल्या कप्प्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा.